नवं वर्ष, नवी वही

पौष महिना म्हणजे लग्नसराईला सुट्टी. ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंचं मशीन जरा निवांत असतं, मेंदीवालीचे हात रिकामे असतात, घरी पार्लर चालवणाऱ्या वहिनींना दुपारी पाठ टेकायला मिळते. संक्रांतीचे लाडू, तिळाच्या वड्या आणि वाणाच्या ऑर्डरी सोडल्या तर कामाचा रेटा थोडा कमी असतो. मग माघ लागतो, मुहूर्त सुरू होतात आणि पुन्हा श्वास घ्यायलाही सवड उरत नाही. म्हणूनच मैत्रिणींनो, आपल्या कामाकडे जरा लांबून बघायचं असेल, तर हेच दिवस बरे.

‘आपलं काम’ म्हटलं की पुष्कळ जणी चटकन म्हणतात, “छे हो, माझा कुठला धंदा? घरच्या घरी थोडंफार करते एवढंच.” हे थोडंफार म्हणजे काय असतं? पहाटे पाचला उठून पंधरा डबे भरणं असतं. रात्री अकरापर्यंत फॉल-पिको असतं. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळवणं असतं, दिवाळीत शंभर किलो फराळ असतो, शाळा सुटल्यावर दहा मुलांची शिकवणी असते. ना कुणी मालक, ना महिन्याचा पगार, ना भरपगारी रजा. काम आपलं, जबाबदारी आपली आणि नुकसानही आपलंच. यालाच स्वतंत्र व्यवसाय म्हणतात. त्याला आधी ‘व्यवसाय’ म्हणायला शिकू या. बाकीच्या सुधारणा त्याच्या मागून येतात.

आधी मागचं वर्ष वाचा

व्यापाऱ्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते. जुनी वही मिटते, नवी उघडते. आपल्याकडे वहीच नसते, ही खरी अडचण आहे. हिशेब डोक्यात असतो, नाहीतर कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेला असतो.

शंभर पानी एक वही घ्या. तीत रोजकीर्द लिहायची, म्हणजे त्या दिवशीचं येणं आणि जाणं त्याच दिवशी. रकाने पाचच पुरेत: तारीख, गिऱ्हाईक, काम, आलेले पैसे, बाकी. समोरच्या पानावर खर्च. लिहायला रोज दहा मिनिटं लागतात. रात्री ओटा आवरून झाला की वही उघडायची. एकदा सवय लागली की न लिहिता चैन पडत नाही.

पण नवी वही सुरू करण्याआधी मागचं वर्ष आठवून कागदावर उतरवा. तीन प्रश्न स्वतःला विचारा. सगळ्यात जास्त पैसे कोणत्या कामातून आले? सगळ्यात जास्त वेळ कोणत्या कामात गेला? आणि मनस्ताप कोणत्या कामानं दिला? पुष्कळदा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी निघतात. शिवणकाम करणाऱ्या बाईचा निम्मा वेळ जुने कपडे उसवून आल्टर करण्यात जातो, आणि खरी कमाई शिवलेली नऊवार किंवा पैठणीवरचे ब्लाऊज यांतून होते. फराळ करणारीच्या चिवड्याला पटकन हात बसतो, पण चकलीला दिवस मोडतो आणि दर मात्र जवळपास तोच लावलेला असतो. हे कागदावर दिसलं की नव्या वर्षात काय वाढवायचं आणि काय हळूहळू कमी करायचं ते आपोआप कळतं.

तुमच्या तासाची किंमत किती?

आता सगळ्यात महत्त्वाचं, दर. आपल्याकडे दर कसा ठरतो? ‘गल्लीतली दुसरी काय घेते’ हे बघून, आणि त्यातून दहा रुपये कमी करून! आपला खर्च किती, वेळ किती, हे कुणी मांडतच नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, तुम्ही आपापले घाला. समजा, अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई ३०० रुपये आहे. त्यात अस्तर ६० रुपयांचं. दोरा, हूक, लटकन मिळून २०. वीज, मशीनचं तेल आणि दुरुस्ती यांचे १० धरू. खर्च झाला ९० रुपये. उरले २१०. आता वेळ मोजा. माप घेणं, कापणं, शिवणं, हातशिलाई, हूक लावणं यात तीन तास. नंतर “जरा बाह्या सैल करून दे गं” म्हणून परत आलेला अर्धा तास. साडेतीन तासांचे २१० रुपये, म्हणजे तासाला ६०.

आता गिऱ्हाईक म्हणतं, “तीनशे काय, अडीचशे घे!” वाटतं, पन्नासच तर कमी केले, सहावा हिस्सा. पण थांबा. अस्तरवाला त्याचे ६० सोडत नाही. वीज मंडळ बिल कमी करत नाही. ते ५० रुपये कुठून जातात? फक्त तुमच्या मजुरीतून. २१० चे १६० होतात, म्हणजे मजुरीतले जवळजवळ चार आणे गेले. तासाचे ६० होते, ते ४६ च्या आसपास आले. घासाघीस मालाच्या किमतीवर चाललीय असं दिसतं, पण कापला जातो तो आपला घाम. हा हिशेब एकदा डोक्यात पक्का बसला की दर सांगताना आवाज कापत नाही.

डबे देणाऱ्यांनीही असंच बसून मांडावं. शिधा आणि भाजी सगळ्या धरतात. पण गॅस, भांडी घासायची पावडर, डब्याची वायसर, पोहोचवणाऱ्याचे पैसे, पेट्रोल, आणि रविवारी केलेलं गोड हे राहून जातं. पार्लरवाल्यांचं घरी जाऊन केलेल्या कामाचं रिक्षाभाडं आणि जाण्या-येण्याचा तास असाच विसरला जातो. शिकवणीवाल्यांच्या झेरॉक्स, खडू, आणि परीक्षेच्या दिवसांतले जादा तास यांचंही तेच.

आणखी एक खर्च दिसत नाही, तो म्हणजे घसारा. १८,००० रुपयांचं मोटारीचं मशीन दहा वर्षं चाललं, तर वर्षाला १,८०० आणि महिन्याला १५० रुपये ते झिजतं. ते १५० रुपये दर महिन्याला वेगळ्या डब्यात टाकले, तर मशीन बंद पडेल त्या दिवशी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

दर वाढवायचा असेल तर एकदम गुपचूप वाढवू नका. महिनाभर आधी सांगा. “ताई, किराणा वाढलाय, १ एप्रिलपासून डबा अमुक रुपये होईल,” असं शांतपणे सांगितलं की बहुतेक गिऱ्हाईकं कुरकुर करतात, पण टिकतात. वर्षातून एकदा दर तपासायचाच, हा नियम ठेवा. चार वर्षं एकच दर ठेवून पाचव्या वर्षी एकदम दीडपट केला, तर मात्र लोक बिचकतात.

“घरचंच तर आहे!”

छोट्या गावात गिऱ्हाईक परकं नसतं. कुणी चुलत जाऊ असते, कुणी मुलाच्या बाई असतात, कुणी भिशीतली मैत्रीण असते. तिथे पैशाचा विषय काढायचा म्हणजे जिभेवर दगड! “घरचंच तर आहे, घेशील गं नंतर,” असं म्हणून काम नेलं जातं आणि ते ‘नंतर’ कधी उजाडतच नाही.

नाती तोडायची नाहीत, पण पद्धत पाडता येते. एक उपाय बऱ्याच जणींना लागू पडतो. सूट दरात द्यायची नाही, वस्तूत द्यायची. “वहिनी, शिलाई सगळ्यांना तीच आहे, पण तुमच्या साडीचा पिको या वेळी माझ्याकडून.” “काकू, लाडूचा भाव तोच, पण पावशेर शंकरपाळी मुलांसाठी वेगळी बांधलीय.” यात देण्याचा आनंदही राहतो आणि दरही राहतो. घरच्या लग्नकार्यात भेट म्हणून काम करायचं असेल, तर खुशाल करा, मनापासून करा. पण वहीत लिहा, ‘भेट, ६०० रुपये’. वर्षाअखेरीला अशा भेटींची बेरीज बघितली की पुढच्या वर्षी किती जणांना भेट द्यायची ते ठरवता येतं.

आणि दरपत्रक! एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात दर लिहून भिंतीला लावा. बोलताना जो संकोच वाटतो, तो कागदाला वाटत नाही. ‘आजचा डबा आज सकाळी आठच्या आत सांगावा’, ‘आल्टर एकदा मोफत, नंतर ३० रुपये’ असे नियमही त्यावरच. लिहिलेल्या दरावर घासाघीस निम्म्यानं कमी होते, हे भाजीवालीलाही ठाऊक असतं.

विसार आधी, काम नंतर

नवरीचा मेकअप, डोहाळजेवणाचं सामान, दोनशे पुरणपोळ्यांची ऑर्डर अशी मोठी कामं तोंडी घेऊ नका. निम्मा नाहीतर निदान तिसरा हिस्सा विसार घ्या. सामान त्याच पैशातून आणा, म्हणजे घरखर्चाला हात लागत नाही. तारीख, वेळ, काय काय करायचं, एकूण रक्कम, विसार किती आला, हे सगळं मोबाइलवर एका संदेशात लिहून पाठवा आणि समोरून ‘ठीक आहे’ असं लेखी उत्तर येऊ द्या. कार्यक्रम रद्द झाला तर विसारातलं किती परत मिळेल, तेही त्यातच. हे अविश्वासाचं लक्षण नाही. मंगल कार्यालयवालाही पावती देतोच ना?

उधारीला मर्यादा घाला. महिन्याच्या डब्याचे पैसे पाच तारखेपर्यंत, शिकवणीची फी पहिल्या आठवड्यात. मागची बाकी असताना पुढचं काम घ्यायचं नाही. संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतो. उधारी मागतानाही गोडच बोलायचं, पण तारीख घेऊन बोलायचं. “कधी देऊ म्हणता?” यापेक्षा “शुक्रवारी मुलाला पाठवू की शनिवारी?” हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

ज्या मैत्रिणी शाळांचे गणवेश शिवून देतात, दुकानांना मसाले, कापडी पिशव्या पुरवतात, त्यांच्यासाठी एक मोलाची गोष्ट. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, छोट्या उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात आणि लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट. यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि ती काम घेण्याआधीच झालेली बरी. लगेच कुणी तक्रार करायला जात नाही, हे खरं. पण बिलावर नोंदणी क्रमांक आणि ‘१५ दिवसांत रक्कम द्यावी’ एवढी ओळ छापलेली असली, तरी समोरचा माणूस जरा सावरून वागतो.

पैसे कुणाच्या खात्यात जातात?

आता जरा नाजूक प्रश्न. तुमच्या दारात, मशीनशेजारी किंवा डब्यावर जो क्यूआर कोड चिकटवलाय, तो कुणाच्या खात्याचा आहे?

पुष्कळ घरांत तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नंबरचा असतो. “तिला मोबाइलमधलं कळत नाही” किंवा “सगळं एकच तर आहे” म्हणून तसा केलेला असतो. घर एकच आहे, मान्य. पण बँकेला घर दिसत नाही, खातं दिसतं. दहा वर्षं डबे देणाऱ्या बाईच्या खात्यात जर एकही रुपया जमा झालेला नसेल, तर कर्ज मागायला गेल्यावर बँकेच्या लेखी तिनं काहीच काम केलेलं नसतं. तिचे सगळे डबे दुसऱ्याच्या नावावर जमा झालेले असतात. उद्या घरावर संकट आलं, घरातलं माणूस गेलं, नाती फाटली, तर त्या दिवशी ‘माझी कमाई’ म्हणून दाखवायला तिच्याकडे कागदाचा कपटा नसतो.

म्हणून या जानेवारीत हे एक काम कराच. स्वतःच्या नावाचं बचत खातं, स्वतःचा मोबाइल नंबर त्याला जोडलेला आणि त्याच खात्याचा क्यूआर कोड. घरात भांडण करायची गरज नाही. “बँकेत माझ्या नावावर व्यवहार दिसले तर मला कर्ज मिळेल, मशीन घेता येईल,” एवढं सांगितलं तर बहुतेक घरांत पटतं. घरखर्चाला द्यायचे ते पैसे दर महिन्याला ठरवून द्या, जणू तुम्ही स्वतःलाच पगार देताय. उरलेले धंद्याचे. घरातला गॅस संपला म्हणून मसाल्याच्या सामानाचे पैसे उचलायचे नाहीत, आणि धंद्यात तूट आली म्हणून मुलीच्या फीला हात लावायचा नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना. “तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका” म्हणणारा फसवतोय, हे घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा. आणि समोरच्याने मोबाइलवर दाखवलेलं ‘पैसे गेले’चं चित्र खरं धरू नका. आपल्या खात्यात जमा दिसले, तरच माल द्या.

आकडेमोड आपल्याला जमते

“हिशेब-बिशेब आम्हाला कुठला जमतोय?” असं म्हणणाऱ्यांनी जरा मागे वळून बघावं. १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचून गेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं, बँकेच्या कर्जाची वाट दाखवली.

आणि सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला बँक! चेतना सिन्हा यांनी सांगितलेली तिची गोष्ट मोठी बोलकी आहे. बँकेच्या परवान्यासाठीचा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या. पुन्हा गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्हाला कोणत्याही रकमेवरचं व्याज सांगायला लावा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय तेच करायला लावा, बघू कोण आधी सांगतंय! १९९७ मध्ये बँक सुरू झाली. भाजीच्या पाटीवर बसून सुट्या पैशांचा हिशेब तोंडी करणाऱ्या बायकांना आकडे कधीच परके नव्हते. फक्त ते कागदावर आलेले नव्हते.

कागदपत्रांना घाबरायचं कशाला?

उद्यम नोंदणी हे त्यातलं पहिलं पाऊल. २०२० पासून ती पूर्णपणे ऑनलाइन आहे, आधार क्रमांकावर होते आणि सरकारी संकेतस्थळावर एक पैसाही लागत नाही. ‘दोन हजारांत करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. मुलगी कॉलेजला असेल तर तिला शेजारी बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

खाण्याचे पदार्थ विकत असाल, मग ते लाडू असोत, लोणची असोत की डबे, तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी हवी. घरगुती प्रमाणात काम करणाऱ्यांसाठी साधी नोंदणी असते. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर आला की दुकानदार माल ठेवायला का-कू करत नाही. पाकिटावर पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे, वजन, केल्याची तारीख आणि किती दिवस टिकेल हेही असू द्या.

घराबाहेर गाळा घेतला असेल, तर महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार थोडीच माणसं कामाला असणाऱ्यांना नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. जीएसटीचीही उगाच धास्ती नको. राज्याच्या आतच विक्री असेल, तर माल विकणाऱ्यांना वर्षाच्या ४० लाखांच्या आणि सेवा देणाऱ्यांना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत ती नोंदणी सक्तीची नाही.

कर्जाबद्दल एकच सांगणं. मशीन, ओव्हन, घरघंटी, म्हणजे जे घेतल्यानं कमाई वाढेल, त्यासाठीच कर्ज काढा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं आणि त्याला तारण लागत नाही. पण ते अनुदान नाही, फेडायचं कर्ज आहे. २०२३ साली आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिवणकाम आहे, हार-गजरे करणं आहे, टोपल्या-चटया-झाडू बनवणं आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं कर्ज असं तिचं स्वरूप आहे. एका कुटुंबात एकालाच तिचा लाभ मिळतो. अर्जाची सध्याची स्थिती जवळच्या सेवा केंद्रात विचारून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिथे मोफत शिकायला मिळतं. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज काढायची वेळ आली, तर मात्र तिथेच थांबा. आणि मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्यांच्या वाटेला जाऊच नका.

वर्षाचं पंचांग मांडा

आपलं काम सणावारांवर चालतं, मग पंचांग समोर ठेवूनच वर्ष आखायला हवं. माघापासून लग्नसराई. मार्च ते मे वाळवणं, मसाले, लोणची. जूनमध्ये गणवेश आणि नव्या शिकवण्या. श्रावणात उपवासाचे पदार्थ आणि मंगळागौर. भाद्रपदात मोदक, नवरात्रात घागरा-चोळी, मग दिवाळीचा फराळ. अधिक महिना आला तर जावयाच्या वाणासाठी तेहतीस अनारशांच्या ऑर्डरी! २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. ज्यांना हे आधी ठाऊक असतं, त्यांचं अनारशाचं पीठ वेळेवर तयार असतं.

प्रत्येक हंगामाच्या दीड महिना आधी जुन्या गिऱ्हाइकांना संदेश पाठवा. नवं गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा जुनं परत बोलावणं सोपं असतं. गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, माप, आवड (“कमी तिखट”, “गळा खोल नको”) हे वहीत असेल, तर तिलाही आपलेपणा वाटतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यवसायासाठीच्या मोफत आवृत्तीत कामाचे फोटो, दर आणि कामाच्या वेळा मांडून ठेवता येतात. फोटो दिवसाच्या उजेडात, मागे स्वच्छ चादर ठेवून काढा. आणि कुणाचा चेहरा दिसत असेल, तर तिला आधी विचारा.

मंदीच्या दिवसांसाठीही काही बाजूला ठेवा. हंगामात आलेल्या प्रत्येक शंभरातले दहा वेगळे काढले, तर पितृपक्षात चणचण भासत नाही.

सगळ्यात महागडं अवजार

मशीन बंद पडलं तर दुरुस्त होतं. पण मान धरली, गुडघे गेले, डोळ्यांना अंधारी आली, तर? आपलं शरीर हेच आपलं सगळ्यात महागडं अवजार, आणि तेलपाणी मात्र त्यालाच होत नाही. आठवड्यातून अर्धा दिवस तरी काम बंद ठेवा आणि दरपत्रकावर तसं लिहा. तासाभराने उठून पाठ सरळ करा. शिवताना दिवा डावीकडून येऊ द्या. वर्षातून एकदा डोळे आणि रक्त तपासून घ्या.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. वयाची अट १८ ते ७०. हप्ता खात्यातून आपोआप जातो, फक्त मेअखेरीला खात्यात तेवढे पैसे असू द्या. जीवनज्योती विमा योजनेत १८ ते ५० वयोगटात ४३६ रुपयांत २ लाखांचं आयुर्विम्याचं संरक्षण आहे. वय चाळिशीच्या आत असेल आणि प्राप्तिकर भरत नसाल, तर अटल पेन्शन योजनेची चौकशी करा. आपल्या कामात निवृत्ती नसते असं आपण हसत म्हणतो. पण सत्तरीत सुईत दोरा ओवता येत नाही, हेही खरंच आहे.

जानेवारीत एवढं तरी करा

• शंभर पानी वही आणा, आजपासूनच रोजकीर्द लिहा.
• आपल्या तीन मुख्य कामांचा खर्च आणि वेळ मांडून तासाची मजुरी काढा.
• दरपत्रक लिहून भिंतीला लावा.
• स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड काढून घ्या.
• उद्यम नोंदणी करा. पदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणीही.
• थकलेल्या उधारीची यादी करा आणि संक्रांतीच्या आत निम्म्या घरी तरी फोन लावा.

सगळं एकदम जमणार नाही, जमायलाही नको. महिन्याला एक गोष्ट केली तरी जूनपर्यंत बराच फरक दिसेल. हळदीकुंकवाला जाल, तेव्हा मैत्रिणींशीही हे बोला. एकाच गल्लीतल्या चौघी शिवणकाम करणाऱ्यांनी एकमेकींचे दर पाडण्यापेक्षा एकत्र बसून एक दर ठरवला, तर त्यात चौघींचं भलं आहे. आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, “तुम्ही काय करता?” तर “घरीच असते” असं म्हणू नका. “माझा व्यवसाय आहे,” असं सांगा, आणि दरपत्रकाचा फोटो लगेच पाठवून द्या!